खाच, कडे आणि अस्तर : ब्लॉकची टाकी व मोरी

भरलेल्या टाकीच्या भिंतीला एकाच वेळी दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. पाणी तिला बाहेर रेटत असते, तो रेटा सोसणे हे एक काम. पाणी तिच्यातून झिरपू पाहत असते, ते अडवणे हे दुसरे. काँक्रीटच्या सलग टाकीत ही दोन्ही कामे बरीचशी एकच वस्तू करते, त्यामुळे त्यांतला फरक लक्षात येत नाही. एकमेकांत अडकणाऱ्या ब्लॉकच्या टाकीत मात्र तो पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावा लागतो. खाचेत खाच घट्ट बसली की पाणी अडलेच, ही समजूत या बांधकामातील बहुतेक गळत्यांचे मूळ आहे. ब्लॉकची खाच ब्लॉकला जागेवर धरते, पाण्याला नाही.

आधी रेट्याचा हिशोब पाहू. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, साठ्यावर नाही. १ मीटर खोलीवर तो दर चौरस मीटरला १ टन, २ मीटरवर २ टन. म्हणून टाकीच्या माथ्याशी भिंतीला जवळजवळ काहीच सोसावे लागत नाही आणि सारा भार तळाकडच्या थरांवर येतो. गोल टाकीत हा रेटा सर्व बाजूंनी सारखा बाहेर जातो. त्यामुळे भिंत वाकत नाही, ताणली जाते. आतून फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबची जी अवस्था, तीच तिची.

येथे विहीर आणि टाकी यांची तुलना उद्बोधक ठरते. महाराष्ट्रात चुना-सिमेंटाचा थेंबही न वापरता रचलेली दगडी विहिरींची कडी पिढ्यान्पिढ्या उभी आहेत. बाहेरची माती कड्याला आत दाबते, दगड एकमेकांवर आवळले जातात आणि दाब वाढेल तसे कडे अधिकच घट्ट होते. त्याच दगडांचे तसेच कडे जमिनीवर रचून त्यात पाणी भरले, तर ते एका दिवसात उलगडेल. विहिरीचे कडे दाबावर जगते, टाकीचे ताणावर. दगड, वीट आणि मातीचा ब्लॉक या तिन्ही वस्तू दाब उत्तम सोसतात. ताणात त्यांची ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण एक दशांश, आणि सांध्यांत त्याहूनही कमी. म्हणून गोल टाकीला खरा आदर्श विहिरीचा नाही, लाकडी पिंपाचा. पिंपाच्या फळ्या कडेला कड लावून उभ्या असतात, पण त्यांना एकत्र धरतात त्या बाहेरून आवळलेल्या लोखंडी पट्ट्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील शेतांवर हिरवा चारा साठवण्यासाठी सिमेंटच्या खाचदार फळ्यांचे उंच कोठार बांधू लागले, तेही पिंपाप्रमाणेच लोखंडी कड्यांनी आवळलेले असे.

खाचदार ब्लॉकची कल्पना सुतारकामातून दगडकामात आली आणि तिचा एक नावाजलेला उपयोग पाण्यातच झाला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर समुद्रात एडीस्टोन नावाच्या खडकावर जॉन स्मीटन याने १७५६ ते १७५९ या काळात दीपगृह बांधले. लाटांनी एकही दगड उचलून नेऊ नये म्हणून त्याने ग्रॅनाइटचे दगड कबुतराच्या शेपटीसारख्या खाचा पाडून एकमेकांत गुंतवले. पण स्मीटन खाचांवर थांबला नाही. पाण्याखाली घट्ट होणारा चुना कोणत्या चुनखडीपासून मिळतो याचे प्रयोग त्याने त्याच कामासाठी केले, आणि आधुनिक सिमेंटचा इतिहास सांगताना त्या प्रयोगांचा उल्लेख हमखास येतो. खाच आणि चुना, दोन्ही.

मातीचे दाबलेले ब्लॉक ही त्यामानाने अलीकडची गोष्ट. १९५०च्या दशकात कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामिरेझ या अभियंत्याने हाताच्या लांब दांड्याने चालणारे ‘सिनव्हा-रॅम’ हे यंत्र तयार केले. किंचित ओली माती आणि थोडे सिमेंट साच्यात भरायचे, दांडा खाली ओढायचा, की न भाजता पक्का ब्लॉक बाहेर. हे ब्लॉक साधे, सपाट होते. पुढे थायलंडमध्ये साचा बदलून एकमेकांत बसणारे, भोके असलेले ब्लॉक निघाले. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल येथे दाबलेल्या मातीच्या ब्लॉकवर दीर्घ काळ काम झाले असून अशा ब्लॉकसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानकही आहे. टाकीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे पाऊल युगांडात पडले. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातील मोझेस मुसाझी यांनी वक्र ब्लॉक आणला. हे गृहस्थ मूळचे विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापक. स्थापत्याच्या बाहेरचा माणूस कधी कधी असा नेमका प्रश्न सोडवतो. वक्र ब्लॉकमुळे गवंड्याला गोलाई साधण्यासाठी विटा तासाव्या लागत नाहीत आणि उभ्या सांध्यात पाचरीसारखी फट राहत नाही. युगांडात भाजलेल्या विटांसाठी लागणाऱ्या सरपणामुळे झाडे तुटत होती. न भाजलेल्या ब्लॉकला शाळांमधून आणि वस्त्यांमधून स्वीकार मिळण्यामागे तेही एक कारण होते. छपरावरचे पावसाचे पाणी साठवणाऱ्या गोल टाक्या तेथे अशा ब्लॉकने बांधल्या गेल्या.

पूर्व आफ्रिकेत या कामाला वापरतात त्या तांबड्या मातीला ‘मरम’ म्हणतात. शब्द ऐकूनच मराठी माणसाला ओळख पटावी. मुरूम, जांभ्याची माती, वाळूसर लाल माती या ब्लॉकला चांगल्या. काळी माती अगदीच वाईट: ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि थोडेथोडके सिमेंट तिचा हा स्वभाव बदलू शकत नाही. मातीची पारख प्रयोगशाळेशिवायही होते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी ओतायचे, जोरात हलवायचे आणि बरणी रात्रभर ठेवायची. सकाळी तळाशी खडा व वाळू, त्यावर पोयटा आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. निम्म्याहून बराच अधिक भाग वाळूचा आणि चिकणमातीचा थर पातळ असेल, तर माती कामाची. सिमेंट साधारण ५ ते १० टक्के. टाकीसाठी वरच्या टोकाकडे राहिलेले बरे. ओलावा पाहण्यासाठी मुठीत गोळा वळून तो खांद्याच्या उंचीवरून टाकतात. गोळ्याचा भुगा झाला तर पाणी कमी, भाकरीसारखा चपटा झाला तर जास्त, चार-पाच ढेकळे झाली तर बरोबर. साच्यातून निघालेला ब्लॉक सावलीत, झाकून, चांगला आठवडाभर ओला ठेवायचा आणि चार आठवडे होईपर्यंत भिंतीत घालायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

आता प्रत्यक्ष टाकी. आतला व्यास ३ मीटर, पाण्याची खोली २ मीटर असे माप धरले, तर तीत सुमारे १४,००० लिटर पाणी मावते. तळाशी दाब दर चौरस मीटरला २ टन. कड्यावरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी उंचीच्या प्रत्येक मीटरला ३ टन. ब्लॉकचा थर १० सेंटिमीटर उंच असेल, तर सर्वांत खालच्या थराला ३०० किलो ताण येतो. ६ मिलिमीटरची एक साधी सळई सुरक्षितपणे साधारण तेवढाच ताण घेते. म्हणजे तळाच्या प्रत्येक थरात एक सळई हवीच. निम्म्या उंचीवर ताण निम्मा होतो, तेथून वर एका थराआड एक पुरते. व्यास दुप्पट केला तर ताणही दुप्पट. मोठ्या साठ्यासाठी एका रुंद टाकीपेक्षा दोन मध्यम टाक्या सोप्या पडतात त्या यामुळेच.

सळईने ताण घेतला म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते, पण खरी मेख पुढे आहे. लोखंड ताण घेते ते थोडे लांब होऊनच. वरच्या हिशोबातली सळई पूर्ण ताणली गेली, की जवळपास १० मीटरच्या परिघात ती साडेपाच मिलिमीटरच्या आसपास वाढते. ब्लॉक स्वतः लांबत नाहीत, म्हणून ही वाढ सांध्यांत वाटली जाते. एका थरात ३७ ब्लॉक असतील तर प्रत्येक उभ्या सांध्याला सुमारे ०.१५ मिलिमीटर. केसाएवढी ही चीर डोळ्याला जेमतेम दिसते, पाण्याला मात्र ती पुरते. टाकी फुटत नाही, पडत नाही, फक्त घामेजते. आणि त्या ओलीने पुढे लोखंड गंजते. यावर दोन उपाय आहेत आणि शहाणा गवंडी दोन्ही करतो. पहिला, खालच्या पाच-सहा थरांत ६ऐवजी ८ मिलिमीटरची सळई घालणे. तिने ताण निम्म्याच्या जवळ येतो आणि चिराही तितक्याच बारीक होतात. दुसरा, आतल्या गिलाव्यात कोंबडीजाळी बसवणे, म्हणजे एका सांध्याची चीर गिलाव्यात थेट उतरत नाही. पसरून अनेक सूक्ष्म चिरांत विरते.

थर रचण्याचे काम दिसते तितके यांत्रिक नाही. मध्यभागी एक उभा पाइप गाडून त्याला त्रिज्येएवढी दोरी किंवा लाकडी पट्टी फिरती बांधतात. प्रत्येक ब्लॉक बसला की पट्टी त्याच्या आतल्या कडेला टेकते का ते पाहायचे. खाचांमुळे ब्लॉक आपोआप रेषेत येतो हे खरे, पण पहिला थर वाकडा असेल तर त्याच खाचा तो वाकडेपणा इमानेइतबारे माथ्यापर्यंत नेतात. साध्या विटेच्या भिंतीत गवंडी मालाच्या जाडीत चूक जिरवतो. येथे जिरवायला जागाच नसते. म्हणून पहिला थर ओल्या मालावर, ओळंबा आणि पाणपातळी लावून, अर्धा दिवस गेला तरी चालेल अशा बेताने बसवतात. पुढच्या थरांत उभे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. काही साच्यांच्या ब्लॉकला माथ्यावर सळईसाठी खोबण असते. सळई तीत बसवून वरून माल भरतात. दोन टोके किमान ३० सेंटिमीटर एकमेकांवर चढवून तारेने बांधायची आणि हा जोड प्रत्येक थरात वेगळ्या जागी आणायचा. घरासाठी हे ब्लॉक कोरडे रचले तरी चालतात. टाकीसाठी कोरडे रचू नयेत. खाचेत पातळ माल असलाच पाहिजे, नाहीतर सळईभोवती पोकळी राहते.

पाणी अडवण्याचे काम अस्तराचे. हे शहाणपण फार जुने आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. त्याच्या विटा जिप्समच्या मालात घट्ट बसवल्या होत्या, तरी बांधणाऱ्यांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा नव्हता. विटांच्या मागे त्यांनी डांबराचा थर दिला. आज शेततळ्यात माती आकार धरते आणि प्लास्टिकचा कागद पाणी धरतो, ती याच विचाराची आधुनिक आवृत्ती. शहरांतल्या वाहनतळांखाली पावसाचे पाणी साठवण्यासाठी प्लास्टिकचे जाळीदार ठोकळे एकमेकांत अडकवून पुरतात. त्यांचा सुमारे ९५ टक्के भाग पोकळ असतो. वरच्या गाड्यांचा भार ठोकळे घेतात, पाणी मात्र भोवती गुंडाळलेला कागद धरतो.

ब्लॉकच्या टाकीत हे अस्तर म्हणजे आतला गिलावा. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, दोन हातांत मिळून २० ते २५ मिलिमीटर. पहिला हात खरबरीत ठेवायचा, दुसरा त्यावर दुसऱ्या दिवशी, आणि शेवटी निव्वळ सिमेंटची घोटाई. एक हात सुरू केला की संपूर्ण टाकी त्याच दिवशी संपवायची. संध्याकाळी थांबून सकाळी पुढे चालू केलेल्या जागी जोडरेषा राहते आणि गळती बहुधा तिथूनच डोके काढते. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात मालाची तिरकी गोलाई देतात, तिला कामगार ‘वाटा’ म्हणतात. टाकीतला सर्वांत दगाबाज सांधा हाच: भिंत बाहेर ताणली जाते, तळ जागीच राहतो, आणि दोघांची ओढाताण या कोपऱ्यात होते. वाट्याखाली जाळी तळावरून भिंतीवर फूटभर चढवलेली असावी. गिलाव्यावर पाणी मारणे दोन आठवडे चालू ठेवायचे. पाणी मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे टाकीतच हातभर पाणी साठवणे, आणि तोच बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही.

पाया दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी कमी बोलले जाते. एडीस्टोनचा मनोरा शंभराहून अधिक वर्षे टिकला. अखेर तो सोडावा लागला तो त्याचे दगड सुटले म्हणून नव्हे, त्याच्या खालचा खडक लाटांनी पोखरला म्हणून. टाकीचेही तसेच. काळ्या मातीवर टाकी बांधायची तर ती माती काढून मुरूम भरणे, त्यावर दगडी सोलिंग आणि मग सळया घातलेला काँक्रीटचा तळ, याला पर्याय नाही. जमिनीखालच्या टाकीची भीती वेगळी. वरच्याच मापाची टाकी पूर्ण पुरली आणि पावसाळ्यात भोवतीचे पाणी जमिनीपर्यंत चढले, तर रिकाम्या टाकीला वर उचलणारा रेटा १८ टनांच्या आसपास जातो, आणि छत धरून तिचे स्वतःचे वजन ११ टनांच्या आसपास. अशी टाकी नावेसारखी वर येते. म्हणून पाणथळ जागी पुरलेली टाकी पावसाळ्यात साफसफाईसाठी रिकामी करत नाहीत.

चौकोनी टाकी कोपऱ्यात नीट बसते, म्हणून घरमालकांना आवडते. तिची भिंत ताणली जात नाही, वाकते, आणि वाकवणारा जोर खोलीच्या घनाप्रमाणे वाढतो. १ मीटरऐवजी २ मीटर खोली केली तर तो आठपट होतो. येथे भरीव ब्लॉक उपयोगी नाहीत. पोकळ ब्लॉकच्या भोकांतून तळापासून उभ्या सळया घेऊन भोके काँक्रीटने भरावी लागतात. मग ती ब्लॉकची टाकी नावापुरतीच, खरे पाहता ब्लॉकच्या साच्यातली काँक्रीटची टाकी. कमरेइतक्या खोलीपर्यंत चौकोनी टाकी ठीक. त्यापुढे गोलच बांधावी.

टाकी तपासताना ती एकदम भरू नये. रोज थोडी भरत तीन-चार दिवसांत काठाला आणावी आणि पुढचे काही दिवस तशीच ठेवावी, कारण नवा गिलावा आणि ब्लॉक सुरुवातीला पाणी पितात. नंतर एक बादली पाण्याने भरून टाकीतच अर्धी बुडेल अशी टेकवून ठेवावी आणि बादलीच्या आत व टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. आठवड्याने दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ते नुसते बाष्पीभवन. टाकीची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली, तर तेवढी गळती.

मोरीचे गणित टाकीच्या बरोबर उलट आहे. (घरातल्या न्हाणीच्या जागेलाही मराठीत मोरीच म्हणतात; येथे रस्त्याखालची.) इंडियन रोड्स काँग्रेसच्या व्याख्येप्रमाणे ६ मीटरपर्यंत लांबीचे रस्त्याखालचे जलमार्ग मोरीत मोडतात, त्यापुढे लहान पूल. मोरीवर वरून भरावाचा आणि चाकांचा भार येतो, बाजूंनी माती दाबते. म्हणजे ती विहिरीच्या कड्याच्या कुळातली, आणि ब्लॉकला हेच काम मानवते. निमुळत्या, खाचदार ब्लॉकची कमान सेंटरिंगवर रचली, माथ्यावरचा मधला ब्लॉक ठोकून बसवला आणि सेंटरिंग काढले, की ब्लॉक एकमेकांना आवळतात. खाचांचा फायदा येथे खऱ्या अर्थाने कळतो: एखाद्या चाकाखाली एकच ब्लॉक खाली सरकू पाहतो तेव्हा शेजारचे त्याला धरून ठेवतात.

मोरी अगदी पाणीबंद असण्याची गरज नसते, पण ती मातीबंद असलीच पाहिजे. सांध्यांतून पाणी आत आले तर फारसे बिघडत नाही. पाण्याबरोबर भरावातली बारीक माती आली, तर वर पोकळी तयार होते आणि एक दिवस रस्त्याला भगदाड पडते. म्हणून कमानीच्या पाठीवर गिलावा देऊन त्यावर गाळणीचे कापड किंवा बारीक खडीचा थर घालतात. भराव दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीने, वीतभर जाडीच्या थरांत धुम्मस करत चढवायचा. एका बाजूने ट्रॉली रिकामी करून मग दुसरी बाजू भरली, तर कमान एकीकडे झुकते आणि हे नुकसान पुन्हा सरळ करता येत नाही. माथ्यावर ६० सेंटिमीटर भराव होईपर्यंत वाहन जाऊ देऊ नये.

मोरीचे माप अंदाजाने ठरवतात, आणि चुकते तेही तिथेच. २५ एकर, म्हणजे १० हेक्टर उताराच्या रानावर तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर सेकंदाला सुमारे ८३० लिटर पाणी मोरीशी येते. १ मीटर व्यासाच्या नळीतून पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहिले तर सुमारे १,५७० लिटर जाते. कागदावर ही नळी भरपूर. पण तिच्या तळाला गाळाचा थर आणि तोंडाशी काटक्या धरल्या की उरते तेवढीच खरी. पाणी बाहेर पडते त्या बाजूला दगडी पिचिंग आणि त्याच्या टोकाला खोल पडदी घालतात, नाहीतर वाहणारे पाणी शेवटचा ब्लॉक पोखरून मोरी शेपटाकडून खायला लागते.

ग्रामीण महाराष्ट्रात ब्लॉकच्या कमानीपेक्षा सिमेंटच्या नळ्यांची मोरीच जास्त दिसते. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूम याने साचा गरागरा फिरवून काँक्रीटचे नळ घडवण्याची रीत १९१०मध्ये काढली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केल्यावर ‘ह्यूम पाइप’ हा शब्द मराठीत कायमचा रुळला. त्यांतल्या अनेक नळ्याही एकीचे टोक दुसरीत बसवून जोडतात. नळ्यांची मोरी लवकर होते, पण नळी आणायला ट्रक आणि उतरवायला क्रेन लागते. ब्लॉक दोन माणसे डोक्यावरून नेऊ शकतात. म्हणून जिथे ट्रक पोचत नाही अशा पाणंद रस्त्यावर आणि डोंगरवाडीच्या वाटेवर ब्लॉकची मोरी आजही स्वस्त पडते, आणि दोन्ही प्रकारच्या मोऱ्या मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आत उपसाव्या लागतात.